मापाची वही

मिरजेत, दवाखान्याच्या फाटकासमोर
माझं दुकान म्हणजे सात फुटांची पत्र्याची खोली.
डावीकडं तंतुवाद्यांची गल्ली,
तिथं सकाळपासून कुणीतरी एकच तार पिळत असतो.
इकडं मी कागद अंथरतो आणि म्हणतो,
उभे राहा. दोन्ही पायांवर. सगळं वजन सोडा.

लोक लाजतात.
कुणी मोज्याचं भोक झाकतो,
कुणी म्हणतो, थांबा, धुऊन येतो जरा.
मी पेन्सिल फिरवत जातो टाचेपासून अंगठ्याकडं.
गुदगुल्या झाल्या की मला बरं वाटतं,
म्हणजे अजून कळतंय.

हे पान तातोबा कोळेकरांचं.
सांगलीच्या यार्डात पोती उचलतात.
भेगांत हळद इतकी मुरलेली
की कागदावर आपोआप पिवळी टाच उमटली.
"हळद लाव म्हणू नका," म्हणाले, "जन्मभर तीच लावतोय."
म्हटलं, रात्री कोमट पाण्यात पाय सोडून बसा,
वजरीनं हलक्या हातानं घासा,
अंगात ओल आहे तोवर खोबरेल जिरवा, जुने मोजे घालून झोपा.
ब्लेड नको.
ब्लेडवाले सगळे शेवटी समोरच्या फाटकात जातात.

पद्मव्वा मगदूम, कवठेपिरान.
रात्रीच्या लाइटीला उसाला पाणी पाजते.
बेचक्यांत चिखल्या, भिजल्या कागदासारख्या पांढऱ्या.
तिला मी चप्पल विकली नाही.
धोतराचा जुना तुकडा दिला:
बेचकी न बेचकी कोरडी करायची,
देवाची भांडी पुसतेस तशी.
आणि ओला पाय कोंडायचा नाही कशात.

शिंगटे बाई, चौथीच्या वर्गावर.
उठल्यावर पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा.
"दहा पावलांनी जातो हो,
पण ती दहा पावलं रोज नवी असतात."
टाचेखाली मऊ रबर घातलं,
सांगितलं, पलंगावरच टॉवेलनं पंजा आपल्याकडं ओढा,
मग या जमिनीवर.

कुरूप असेल तिथं मी फुली मारतो.
काही पानं नुसती फुल्यांची,
पोरांच्या चुकलेल्या गणितांसारखी.

इलाही शिकलगार. साखर, अठरा वर्षं.
तासगावहून उभ्यानं आले एसटीत,
बुटात बाभळीचा काटा घेऊन.
काटा मला दिसला. त्यांना नाही.
डॉक्टर म्हणे नायलॉनचा एक केस टेकवतात तळव्याला
आणि विचारतात, कळतंय का?
शेजारच्या तारवाल्याला हे सांगितलं तर म्हणाला,
तार तुटते तेव्हा निदान आवाज तरी येतो.

इलाहीचाचांना बजावलं होतं:
रोज रात्री तळव्याखाली आरसा धरा.
नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका.
घालायच्या आधी चप्पल उलटी करून आपटा.
चाची म्हणाल्या, उलटी चप्पल घरात भांडण आणते.
येऊ दे की.
भांडणाला ड्रेसिंग लागत नाही.

पुढच्या पानावर तेच नाव, तोच पाय,
करंगळीच्या जागी पेन्सिल आत वळलेली.

पायीची वहाण पायीच बरी,
ही म्हण लोक दुसऱ्याला टोचायला वापरतात.
मी ऐकतो तेव्हा मला फक्त माप आठवतं.

काल दुकान बंद करताना बायकोनं कागद अंथरला.
अकरा वर्षं मी गिऱ्हाइकांनी न नेलेले जोड घालतोय,
एक आठ नंबर, एक नऊ.
"उभे राहा," म्हणाली. "सगळं वजन सोडा."
तिचा हात माझ्यापेक्षा सावकाश फिरतो.
अंगठा, मधली बोटं,
करंगळीपाशी थांबून तिनं विचारलं,
कळतंय का?

मी लगेच बोललो नाही.
पलीकडं तार पिळणं चालू होतं.